खिशातले पिस्तूल आणि मनातली भीती

मेहकर हे पैनगंगेच्या काठचे तालुक्याचे गाव. गावाचे दैवत शारंगधर बालाजी. नावातच धनुष्य आहे. ही मूर्ती १८८८ साली जमिनीतून वर आली. त्याच्या दहाच वर्षे आधी, १८७८ मध्ये, इंग्रज सरकारने हत्यारांचा कायदा करून हिंदी माणसाच्या हातातले शस्त्र काढून घेतले होते. देवाच्या हाती आयुधे आणि भक्ताच्या हाती परवान्याचा अर्ज, असा हा योगायोग! आज सोयाबीनच्या हंगामात रोकड घेऊन रात्री घरी परतणारा अडत्या, सराफ किंवा रस्त्याचा कंत्राटदार सदऱ्याखाली मावेल असे एखादे लहान पिस्तूल जवळ बाळगावे काय, असा विचार करू लागला, तर त्याला एकदम हसण्यावारी नेणे योग्य नव्हे. त्याची भीती खरी असू शकते. प्रश्न आहे तो उपायाचा.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहिले पाहिजे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात परवाना देण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्याचा, तोही पोलिसांच्या अहवालानंतर. २०१६ च्या नियमांनी शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षण आवश्यक ठरविले. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाजवळच्या शस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली व परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे केली. सैन्य आणि पोलीस वापरतात ती ९ मिलिमीटरची पिस्तुले सामान्य नागरिकासाठी निषिद्ध. त्यामुळे निवडीचे क्षेत्र मुळातच आखूड आहे, ते बहुतेक.३२ बोअरपाशी येऊन थांबते. सरकारी कारखान्यांची .३२ ची पिस्तुले व रिव्हॉल्व्हरे याच मापाची आहेत. २०१४ मध्ये कानपूरच्या कारखान्याने स्त्रियांसाठी म्हणून ‘निर्भीक’ नावाचे सहा गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर काढले. वजन अवघे अर्धा किलो. किंमत मात्र तेव्हाच सव्वा लाखाच्या घरात. म्हणजे ज्या शिक्षिकेला वा कारकून स्त्रीला शेवटच्या एस.टी.तून उतरून अंधारातून घरी जावे लागते, तिच्यासाठी ते कधीच नव्हते.

आता शस्त्राचा गुणधर्म पाहू. लहान पिस्तूल लपविण्यास सोपे, म्हणून वापरण्यासही सोपे असेल, हा समज चुकीचा आहे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. शस्त्र हलके झाले की त्याचा धक्का हाताला अधिक जाणवतो. नळी आखूड झाली की नेम धरण्याची दोन टोके जवळ येतात आणि हाताची किंचित चूक लक्ष्यावर मोठी होते. मूठ लहान असल्याने पकडही अपुरी पडते. म्हणून लहान शस्त्राला सराव अधिक लागतो. परंतु परवान्यावर काडतुसांची संख्या ठरलेली, आणि तालुक्याच्या गावी सरावाचे मैदान सहसा नसते. रिव्हॉल्व्हरची रचना साधी, गोळ्या भरल्या आहेत की नाहीत हे चक्र उघडताच दिसते. पिस्तुलाचे तसे नाही. मॅगझिन काढून घेतले तरी नळीच्या मागच्या टोकाशी एक गोळी राहू शकते, आणि ‘रिकामे आहे’ या समजुतीने झालेले कित्येक अपघात या एका गोळीचे असतात. रिव्हॉल्व्हरही निर्धोक नव्हे. १ ऑक्टोबर २०२४ रोजी मुंबईत अभिनेते गोविंदा यांचे स्वतःचे परवानाधारक रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना हातून पडले व गोळी त्यांच्याच पायात शिरली. शस्त्र चोरावर रोखलेले नव्हते. ते केवळ कपाटात जात होते.

लपविण्याजोग्या पिस्तुलाचा इतिहासही विचार करावा असा आहे. १८६५ मध्ये लिंकन यांना मारणारा नाटकगृहात गेला तो मुठीत मावणारे पिस्तूल घेऊन. १९१४ मध्ये सारायेव्हो येथे ज्या गोळ्यांनी महायुद्धाची ठिणगी पडली, त्या ब्राउनिंगच्या आराखड्याच्या लहान पिस्तुलातून सुटल्या. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीच्या प्रार्थनासभेत गांधीजींसमोर आले तेही असेच लहानसे बेरेटा पिस्तूल. झाकलेले शस्त्र आक्रमकाला जितके उपयोगी पडते तितके बचाव करणाऱ्याला पडत नाही, कारण वेळ आक्रमक निवडतो. सदऱ्याखालचे शस्त्र बाहेर येईपर्यंत समोरच्याचा वार झालेला असतो.

आणि धोका नेहमी बाहेरूनच येतो असेही नाही. २२ एप्रिल २००६ रोजी प्रमोद महाजन यांच्यावर गोळ्या झाडल्या त्या सख्ख्या भावाने, आणि त्या परवान्याच्या पिस्तुलातून. ज्या घरात बंदूक असते त्या घरात खून होण्याचा धोका सुमारे पावणेतीन पट असल्याचे १९९३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले होते. भावकीच्या बांधाचे तंटे आणि कर्जापायी होणाऱ्या आत्महत्या ज्या जिल्ह्याने पाहिल्या आहेत, त्याला या आकड्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. रागाचा वा निराशेचा क्षण टळून जातो. हाताशी पिस्तूल असले म्हणजे टळण्याची संधी उरत नाही.

नागरिकाला आत्मरक्षणाचा हक्क नाही असे कोणी म्हणणार नाही. १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांत नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही मोजला होता. आजच्या भारतीय न्याय संहितेनेही खासगी बचावाचा अधिकार मान्य केला आहे. पण आवश्यकतेपेक्षा अधिक इजा करू नये आणि सरकारी यंत्रणेकडे जाण्यास अवधी असेल तर स्वतः शस्त्र उचलू नये, या मर्यादेसह. ही मर्यादा क्षणार्धात पाळायची असते, आणि तिचा निवाडा मात्र पुढे अनेक वर्षे चालतो.

नियम असाही आहे की सार्वजनिक जागी पिस्तूल होल्स्टरमध्ये आणि पूर्ण झाकलेले असले पाहिजे. पण आपल्याकडे पुष्कळांना ते हवे असते दाखविण्यासाठीच. कमरेवरचा फुगवटा लोकांना दिसावा, वरातीत हवेत बार काढावा, हाच त्याचा खरा उपयोग होऊन बसला. अखेर २०१९ मध्ये अशा बारासाठी दोन वर्षांपर्यंत कैदेची किंवा एक लाखापर्यंत दंडाची किंवा दोन्हींची तरतूद करावी लागली. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचाची हत्या झाल्यावर एकट्या बीड जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्रपरवाने असल्याचे उघड झाले. इतके परवाने असूनही तेथील सामान्य माणूस सुरक्षित झाला नव्हता. बुलढाण्याच्या उत्तर सीमेला लागून असलेल्या बऱ्हाणपूर जिल्ह्यातील पाचोरीसारख्या गावांत बनणारे गावठी कट्टे तर परवान्याच्याही पलीकडचे आहेत. एक शेजारी परवान्याचे पिस्तूल घेतो म्हणून दुसरा कट्टा शोधतो. मग भीती गावातून जात नाही, केवळ घरे बदलते.

म्हणून कोणते पिस्तूल घ्यावे, याआधी कशाची भीती वाटते हा प्रश्न विचारला पाहिजे. रोकडीची भीती असेल तर शेतमालाचा पैसा बँकेतून फिरविणे हा अर्ध्या किलोच्या शस्त्राहून स्वस्त व खात्रीचा बचाव आहे. अंधाराची भीती असेल तर रस्त्यावर दिवे आणि रात्रीची पोलीस गस्त मागितली पाहिजे. एखाद्याला खरोखर विशिष्ट धमकी असेल, तर त्याला परवाना मिळावा. पण कसून चौकशी करून, पुरेशा प्रशिक्षणानंतर, आणि गरज संपताच परत घेता येईल अशा रीतीने. निवडणूक आली की पोलीस ठाण्यात शस्त्रे जमा करून घेतली जातात. गावाला शांतता हवी असेल तेव्हा पिस्तुले कुठे असावीत, याचे उत्तर शासनाला ठाऊक आहे, असाच याचा अर्थ होतो. ते उत्तर केवळ मतदानापुरते का असावे?