रामजी सुभेदारांची शिस्त आणि एक अर्पणपत्रिका

बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ साली 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केला. अर्पणपत्रिका म्हणजे निव्वळ रिवाज, असं कुणी म्हणेल. पण इथे कृतज्ञतेचं कारण नेमकं नोंदवलंय: शिक्षणासाठी त्यांनी सोसलेला त्याग आणि दाखवलेली दृष्टी. वडील रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिक्षक राहिलेले सुभेदार, शिस्तीला कडक. परळच्या चाळीतल्या एका खोलीत ते मध्यरात्रीनंतर मुलाला अभ्यासाला उठवत, पण त्यासाठी तोवर स्वतः जागत. पुस्तकांसाठी पैसे नसले की लेकीकडून दागिना मागून आणत, गहाण ठेवत आणि पेन्शन आली की सोडवत. मला तर हा दागिना त्या अर्पणपत्रिकेइतकाच बोलका वाटतो.

धाकानं मूल दबतं, हा आक्षेप खरा आहे. अनेक घरांत तसं घडतंही. इथे मात्र मुलगा दबला नाही. १९१३ च्या जानेवारीत वडिलांची इच्छा नसतानाही तो बडोद्याला नोकरीवर गेला. त्याच वर्षी २ फेब्रुवारीला रामजी वारले. म्हणजे दहा वर्षांनी छापलेली ती कृतज्ञता आज्ञाधारकपणातून आलेली नव्हती. मतभेद झालेल्या, जाणत्या मुलानं ती विचारपूर्वक लिहिली होती.