लसूणघासातले 5,095 बाज

5,095. अर्जेंटिनाच्या पंपास मैदानात 1995-96 च्या एका उन्हाळ्यात मरून पडलेल्या स्वेन्सन बाजांचा हा आकडा. यात फक्त सापडलेली कलेवरं आहेत. जी कोल्ह्यांनी ओढून नेली, उंच पिकात कुजली किंवा कुणी गेलंच नाही अशा शेतांत पडून राहिली, ती यात नाहीत. ती धरून अभ्यासकांनी त्या हंगामाचा अंदाज बांधला, तो सुमारे 20,000 पक्ष्यांचा. मादी वर्षाकाठी जेमतेम दोन-तीन अंडी घालते. एवढी मोठी तूट त्या वेगाने भरून यायला किती वर्षं लागतील, याचा हिशेब करताना मन सुन्न होतं.

हा बाज उत्तर अमेरिकेत वीण करतो आणि सुमारे 10,000 किलोमीटर उडून अर्जेंटिनात येतो. तिकडे पिल्लांना खारी-उंदीर भरवणारा हा शिकारी इकडे मुख्यतः नाकतोड्यांवर जगतो. तो नेमका जातो कुठे, हेच पूर्वी नीट ठाऊक नव्हतं. कॅलिफोर्नियातले जीवशास्त्रज्ञ ब्रायन वुडब्रिज यांनी पक्ष्यांच्या पाठीवर उपग्रह-ट्रान्समीटर बसवले आणि त्यांचा माग काढत 1995 च्या सुरुवातीला ते ला पाम्पा प्रांतात पोहोचले. तिथे त्यांना सुमारे 700 बाज मेलेले आढळले.

लसूणघास आणि सूर्यफुलाच्या शेतांत नाकतोड्यांवर मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक फवारलं जात होतं. फवारणीने उडालेले किडे टिपायला बाजांचे थवे त्याच शेतात उतरत. विष अंगावर पडे आणि किड्यांतून पोटातही जाई. चेतातंतूंचे संदेश वेळेवर थांबवणारं एंझाइम हे औषध निकामी करतं, मग स्नायू आखडतात आणि श्वास बंद पडतो. काही बाज शेतातच पडले, काही संध्याकाळी निलगिरीच्या झाडांवर मुक्कामाला गेले आणि तिथून खाली कोसळले.

मात्रेचं गणित पाहा. या औषधाच्या ज्या मात्रेने निम्मे पक्षी दगावतात, ती बहुतेक जातींत वजनाच्या किलोमागे काही मिलिग्रॅमच आहे. 5 मिलिग्रॅम धरू. 36 टक्क्यांच्या द्रावणाच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण 360 मिलिग्रॅम विष असतं. म्हणजे किलोभर वजनाच्या 72 पक्ष्यांना पुरेल इतकं. बाटली लिटरची असते.

आता दुसरा आकडा: 24. पुढच्याच हंगामात, 1996-97 मध्ये, त्याच भागात सापडलेल्या मृत बाजांची ही संख्या. मधल्या काळात सरकारने नाकतोड्यांसाठी या औषधाचा वापर रोखला, उत्पादक कंपनीने शिल्लक साठा परत घेतला आणि शेतकऱ्यांना गावोगावी माहिती दिली गेली. डीडीटीची गोष्ट वेगळी होती. बहिरी ससाण्याच्या अंड्यांची कवचं पातळ होत असल्याचं पक्षी-अभ्यासक रॅटक्लिफ यांनी ब्रिटनमध्ये 1967 ला दाखवून दिलं, पण डीडीटी मातीत आणि चरबीत टिकून राहत असल्याने ससाणे सावरायला दशकं लागली. मोनोक्रोटोफॉस तसं साचत नाही. फवारणी थांबली की मरणही थांबतं. म्हणूनच या बाबतीतला प्रत्येक वर्षाचा उशीर मला अक्षम्य वाटतो.

अमेरिकेत हे औषध 1988 मध्येच बाजारातून गेलं होतं. भारतात 2005 मध्ये फक्त भाज्यांवर मनाई झाली. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये भारतातल्या धोक्यांचा स्वतंत्र आढावा प्रसिद्ध केला. 2013 मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शालेय जेवणातून याच विषाने 23 मुलं गेली. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळमध्ये कपाशीवर फवारताना 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तिथे वापरल्या गेलेल्या औषधांत मोनोक्रोटोफॉसही होतं. 36 टक्के द्रावणावर बंदीचा आदेश निघाला तो सप्टेंबर 2023 मध्ये, तोही साठा संपवायला वर्षभराची मुदत देऊन.

त्या सगळ्या वर्षांत मध्य आशियातून दर हिवाळ्यात भोवत्ये हे शिकारी पक्षी येत राहिले. सोलापूर-अहिल्यानगरच्या माळांवर आणि लगतच्या शेतांवर ते खालून उडत फिरतात, आणि त्यांच्याही खाण्यात नाकतोडे मोठ्या प्रमाणात असतात.