कर्जमाफीचा पैसा जातो कुठे? तूट, कर्ज आणि हमी समजून घेताना

‘कर्जमाफीचे मराठवाड्यातील आर्थिक परिणाम’ हा विषय घेऊन सिनॉप्सिस लिहायला बसणारे बरेच जण असतात. विषय चांगला आहे, आपल्या मातीतला आहे. पण गाइडचा पहिलाच प्रश्न असतो, “परिणाम कुणावर? शेतकऱ्यावर, बँकेवर की सरकारच्या तिजोरीवर?” या तिघांची सरमिसळ झाली की पुढे गोळा केलेला डेटा कशालाच उपयोगी पडत नाही. म्हणून आज हे धागे सुटे करून बघू. पेटच्या मुलाखतीतही याचा उपयोग होईल.

तूट, कर्ज आणि हमी

तूट एका वर्षाची असते. कर्ज म्हणजे अशा तुटी भागवता भागवता साठत गेलेली रक्कम. महाराष्ट्राचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प घ्या. महसुली जमा ५,६०,९६४ कोटी रुपये आणि महसुली खर्च ६,०६,८५५ कोटी रुपये धरला होता. फरक ४५,८९१ कोटी, ही महसुली तूट. भांडवली खर्चही धरला की एकूण जेवढी रक्कम उसनी आणावी लागते ती राजकोषीय तूट, १,३६,२३५ कोटी. आता भागाकार करून बघा. उसन्या आणलेल्या प्रत्येक तीन रुपयांतला साधारण एक रुपया पगार, पेन्शन, व्याज, अनुदान अशा चालू खर्चात जातो. त्यातून धरण किंवा रस्ता उभा राहत नाही. वर्षअखेरीस राज्यावरचं एकूण कर्ज ९.३२ लाख कोटींच्या आसपास जाईल, असा तेव्हाचा अंदाज होता. हा आकडा नुसता लिहू नका. राज्याच्या उत्पन्नाशी आणि व्याजाच्या बोज्याशी त्याची तुलना करा, तेव्हाच त्याला अर्थ येतो.

हमीचा हिशेब आणखी वेगळा. घटनेच्या कलम २९३ नुसार राज्य सरकार कर्ज काढू शकतं, तशी दुसऱ्याच्या कर्जाला हमीही देऊ शकतं. सहकारी साखर कारखाना बँकेकडून कर्ज उचलतो, सरकार जामीन राहतं. त्या दिवशी तिजोरीतून एक पैसाही जात नाही, त्यामुळे तुटीत काहीच दिसत नाही. कारखाना थकला की मात्र बँक सरकारकडे बोट दाखवते. जामीन राहिलेल्या माणसाची काय गत होते हे आपल्याकडे गावोगाव माहीत आहे. सरकारचंही वेगळं होत नाही. हे आकडे अर्थसंकल्पाच्या भाषणात शोधू नका. राज्याच्या वित्त लेख्यांमध्ये आणि कॅगच्या अहवालांत बघा.

चेक शेतकऱ्याच्या हातात पडत नाही

कर्जमाफीत सरकार शेतकऱ्याच्या वतीने बँकेला पैसे देतं. सोसायटीची आणि जिल्हा बँकेची थकबाकी भरून निघते. शेतकऱ्याला मिळतो तो कोरा सातबारा आणि नव्या पीककर्जासाठी पात्रता. म्हणजे एकाच योजनेत दोघांची सुटका होते, कर्जदाराची आणि बँकेची. म्हणून खरी कसोटी पुढच्या हंगामात लागते. बँकेने नवं कर्ज दिलं का? नसेल दिलं तर शेतकरी पेरणीला पुन्हा सावकाराकडेच जाणार. आणि ज्याचं कर्ज मुळातच सावकाराचं होतं, किंवा जो दुसऱ्याची जमीन बटाईने करतो आणि ज्याच्या नावावर सातबारा नाही, तो या योजनेत कुठेच नसतो.

इथे एक फरक पक्का लक्षात ठेवा. ‘राइट-ऑफ’ म्हणजे कर्जमाफी नव्हे. राइट-ऑफमध्ये बँक आपल्या ताळेबंदातून बुडीत कर्ज बाजूला काढते, पण कर्जदाराची देणेदारी कायम राहते आणि वसुली चालू ठेवता येते. माफीत ती देणेदारीच संपते. व्हायवामध्ये या दोन शब्दांवर हमखास प्रश्न येतो.

२०१७ : एका वर्षात दोन बेलआउट

जून २०१७ मध्ये महाराष्ट्र सरकारने छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर केली. दीड लाखापर्यंतची थकबाकी माफ, जाहीर झालेला आकडा ३४,०२२ कोटी. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केंद्राने सरकारी बँकांच्या फेरभांडवलीकरणासाठी २.११ लाख कोटींची योजना जाहीर केली. त्यातले १.३५ लाख कोटी रोख्यांमधून उभे करायचे होते.

दोन्हीकडे मुळाशी थकलेली कर्जंच होती. पण हिशेबात दोन्ही वेगळ्या जागी बसतात. कर्जमाफी हा महसुली खर्च. तो थेट तुटीत जातो, पेपरात मथळा होतो, ‘तिजोरीवर भार’. फेरभांडवलाचे रोखे बँकांनीच घ्यायचे आणि तोच पैसा सरकारने भागभांडवल म्हणून बँकांना परत द्यायचा. रोख रकमेची खरी हालचाल होत नाही, म्हणून ही रक्कम राजकोषीय तुटीत मोजली गेली नाही. सरकारचं कर्ज मात्र तेवढ्याने वाढलं, आणि दरवर्षीचं व्याज तुटीत येत राहिलं.

बदल्यात सरकारला बँकांचे शेअर मिळाले, हा फरकही मान्य करायला हवा. कर्जमाफीतून सरकारच्या हाती अशी कोणतीही मालमत्ता येत नाही. पण मुद्दा असा की नुसती तूट बघून ‘शेतकऱ्यांमुळे तिजोरी रिकामी झाली, बँकांमुळे नाही’ असा निष्कर्ष काढला, तर तो हिशेबाच्या पद्धतीतून आलेला असेल, वस्तुस्थितीतून नाही. तूट, कर्ज आणि हमी तिन्ही उघडून बघितल्याशिवाय कोणत्याही बेलआउटची किंमत लिहू नका.

परिणाम मोजायचा कसा?

माफी मिळालेले आणि न मिळालेले शेतकरी घेऊन सरासरी काढली, की झाला अभ्यास? नाही. थकलेला शेतकरी आणि नियमित फेडणारा शेतकरी मुळातच वेगळे असतात. एकाकडे विहीर असेल, दुसरा पूर्ण कोरडवाहू. मग दिसणारा फरक माफीचा की पाण्याचा?

२००८ च्या केंद्राच्या कर्जमाफीने संशोधकांना यावर एक वाट दिली. २९ फेब्रुवारी २००८ च्या अर्थसंकल्पात ती जाहीर झाली. दोन हेक्टरपर्यंत, म्हणजे साधारण पाच एकरांपर्यंत जमीन असलेल्यांचं पात्र थकीत कर्ज पूर्ण माफ. त्यावरच्यांना ७५ टक्के भरल्यावर २५ टक्के सूट (दुष्काळप्रवण जिल्ह्यांत किमान २० हजार रुपये). आपल्याकडे यावर तेव्हाच ओरड झाली होती. कोरडवाहू सहा एकरवाला बाहेर आणि बागायती चार एकरवाला आत, हा कुठला न्याय? तक्रार रास्तच होती. पण संशोधनाच्या दृष्टीने बघा. पावणेपाच एकरवाला आणि सव्वापाच एकरवाला, दोघेही थकलेले, बाकी परिस्थिती जवळपास सारखी. एकाला पूर्ण माफी, दुसऱ्याला अर्धवट सवलत. या रेषेच्या दोन बाजूंची तुलना करणं म्हणजेच रिग्रेशन डिसकंटिन्युइटी. शिवाय जमीन मोजायची ती कर्ज मंजूर झालं त्या वेळची. त्यामुळे घोषणेनंतर भावाभावांत वाटणी करून कुणाला रेषेच्या आत शिरता येत नव्हतं.

मार्टिन कान्झ यांनी याच रेषेचा वापर करून गुजरातमधल्या शेतकरी कुटुंबांचा अभ्यास केला. माफी मिळालेल्यांची गुंतवणूक आणि उत्पादकता वाढलेली दिसली नाही. पुढे बँक कर्ज देईल का या शंकेने ती खासगी उसनवारीवर जास्त अवलंबून राहिली. झेवियर जिने आणि कान्झ यांनी जिल्हापातळीचा डेटा घेतला. ज्या जिल्ह्यांत माफी जास्त झाली तिथे नंतरची परतफेड जास्त घसरली, आणि थकबाकीचं निवडणुकांच्या वेळापत्रकाशी नातं घट्ट झालं. पुढची माफी येणारच, अशी अपेक्षा हे त्यामागचं एक कारण त्यांनी मांडलं.

यावरून ‘कर्जमाफी वाईट’ असं एका वाक्यात लिहून मोकळे होऊ नका. या अभ्यासांनी गुंतवणूक, उत्पादकता, परतफेड मोजली. लागोपाठ दुष्काळ पडलेल्या वर्षांत वसुलीचा तगादा थांबल्यामुळे एखाद्या घराला काय मिळालं, हे त्या आकड्यांत येत नाही. तो वेगळा प्रश्न आहे, आणि आपल्या भागात तो विचारायलाच हवा.

तुमच्यासाठी एक रेषा

डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेली महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना आठवा. १ एप्रिल २०१५ ते ३१ मार्च २०१९ दरम्यान उचललेली पीककर्जं, ३० सप्टेंबर २०१९ ला थकीत. व्याजासह थकबाकी दोन लाखांपर्यंत असेल तर पूर्ण माफ, दोन लाखांच्या वर गेली की खातं अपात्र. १ लाख ९५ हजारवाला आत, २ लाख ५ हजारवाला बाहेर. ही तारीख घोषणेच्या आधीची आहे, त्यामुळे आकडा जुळवून घ्यायला वाव कमी. प्रत्येक खातं तपासताना कर्जाचं नवं-जुनं किंवा पुनर्गठन कधी झालं तेही बघावं लागेल, कारण त्यावर थकबाकीची रक्कम ठरते. या रेषेच्या दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांना २०२० च्या आणि २०२१ च्या खरिपात बँकेने कर्ज दिलं का, एवढा एकच प्रश्न एका तालुक्यासाठी नीट सोडवला तरी तो चांगला प्रबंध होईल.

बँकेकडून खातेनिहाय डेटा मिळवणं सोपं नाही. नावं काढून टाकलेला डेटा मागा, विद्यापीठाचं पत्र सोबत जोडा आणि एकाच बँकेवर विसंबून राहू नका. त्याआधी सिनॉप्सिसच्या पहिल्या पानावर एक वाक्य लिहा, ज्यात परिणाम कुणावर, कोणत्या काळात आणि कुणाशी तुलना करून, हे तिन्ही येईल. ते वाक्य जमेपर्यंत प्रश्नावली छापायला टाकू नका.