खिशातील चाकू आणि कायद्याची मोजपट्टी

छत्तीसगडमधील भिलाई हे शहर पोलादासाठी ओळखले जाते. १९५५ साली तत्कालीन सोव्हिएत संघाशी झालेल्या करारानुसार येथे पोलाद कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. योगायोग असा की, देशात आज लागू असलेला शस्त्र अधिनियमही १९५९ सालचाच आहे. याच शहरातील सुपेला या गजबजलेल्या बाजारपेठेच्या भागात कोणी उंची पोलादाचा, घडीचा चाकू खिशात ठेवून फिरत असेल, तर त्याचे हे कृत्य कायदेशीर ठरते की गुन्हा, हा प्रश्न वरवर वाटतो तितका सोपा नाही.

अशा चाकूंचा शौक भारतातही रुजला आहे. काही हजार रुपयांपासून ते लाखाच्या घरापर्यंत किंमत असलेले चाकू संग्राहक बाळगतात. मात्र खरेदी करताना पोलादाचा दर्जा बारकाईने पाहणारा ग्राहक कायद्याची अट क्वचितच वाचतो.

किंमत कशाची?

रेल्वेच्या रुळांसाठी वापरल्या जाणाऱ्या पोलादात कार्बनचे प्रमाण साधारणतः ०.६ ते ०.८ टक्के असते. आघात आणि झीज सोसणे हे त्याचे काम. उंची चाकूच्या पात्याची गरज वेगळी असते. धार दीर्घकाळ टिकावी, पाते गंजू नये आणि ते सहज तुटूही नये, या तीनही अपेक्षा एकाच वेळी पूर्ण कराव्या लागतात. त्यासाठी ‘एस ३० व्ही’सारख्या पोलादात सुमारे १.४५ टक्के कार्बन, १४ टक्के क्रोमियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असते. क्रोमियम गंजापासून संरक्षण देते, तर व्हॅनेडियमचे अतिशय कठीण कण धार टिकवतात. मिश्रधातूंचे इतके मोठे प्रमाण नेहमीच्या ओतकामात एकसारखे पसरत नाही. म्हणून वितळलेल्या धातूची भुकटी करून ती प्रचंड दाबाखाली व उष्णतेत एकजीव केली जाते. या प्रक्रियेमुळे किंमत वाढते.

किमतीचा दुसरा भाग यंत्रणेचा. फ्रान्समधील जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये लाकडी मुठीचा साधा घडीचा चाकू तयार केला. तो उघडल्यावर पाते अडकवून ठेवणारे फिरते कडे १९५५ मध्ये त्यात आले. स्वित्झर्लंडमधील कार्ल एल्सनर यांच्या अनेक पात्यांच्या चाकूची नोंदणी १८९७ सालची. अमेरिकेतील स्पायडरको कंपनीने १९८१ मध्ये खिशाला अडकवण्याची चिमटी आणि अंगठ्याने पाते उघडण्यासाठी पात्यातच गोल छिद्र असलेला चाकू बाजारात आणला. त्यानंतर टायटॅनियमच्या मुठी आणि मुठीच्याच पट्टीने पाते जागच्या जागी घट्ट अडकवणारी कुलपे प्रचलित झाली. काम करताना पाते अचानक मिटून बोटे कापू नयेत, हा या कुलपाचा मूळ उद्देश होय.

कायदा काय सांगतो?

शस्त्र अधिनियमाच्या व्याख्येनुसार हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी बनविलेली धारदार वस्तूही ‘शस्त्र’ ठरते. केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनविलेल्या वस्तू मात्र या व्याख्येतून वगळल्या आहेत. २०१६ च्या शस्त्र नियमांच्या पहिल्या अनुसूचीतील पाचव्या वर्गात तलवार, खंजीर, भाले यांच्याबरोबर ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू समाविष्ट आहेत. घरगुती, शेती, वैज्ञानिक व औद्योगिक वापरासाठी बनविलेली पाती तेथेही अपवाद आहेत.

खिशात मावणाऱ्या चाकूचे पाते सहसा तीन ते चार इंचांचे असते. त्यामुळे ‘नऊ इंचांच्या आतील चाकूला देशात कोठेही हरकत नाही’ असा समज पसरला आहे. हा समज अपुरा आहे. अधिनियमाच्या कलम ४ नुसार एखाद्या प्रदेशापुरती अधिसूचना काढून तेथे विशिष्ट प्रकारची शस्त्रे विनापरवाना बाळगण्यास मनाई करता येते. अशा अधिसूचनेचे उल्लंघन झाल्यास कलम २५ नुसार कारावास व दंडाची शिक्षा होऊ शकते.

सुपेल्याला लागू होणारी मोजपट्टी

दुर्ग जिल्हा पूर्वी मध्य प्रदेशात होता. त्या राज्याने २२ नोव्हेंबर १९७४ रोजी अशी अधिसूचना काढली. तिच्यानुसार ६ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार शस्त्रे आणि कमानीच्या जोरावर उघडणारे, पाते कितीही लहान असलेले चाकू सार्वजनिक ठिकाणी बाळगण्यास मनाई आहे. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य स्थापन झाले. राज्य पुनर्रचना कायद्यातील तरतुदीनुसार जुन्या राज्यातील कायदे नव्या राज्यातही पुढे चालू राहिले.

या अधिसूचनेतील दुसरा भाग चाकूच्या शौकिनांसाठी अधिक महत्त्वाचा आहे. घडीचे चाकू उघडण्याच्या तीन पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत पाते पूर्णतः हाताने उघडले जाते. दुसऱ्या पद्धतीत पात्याला थोडा धक्का दिला की आतील कमान उरलेले काम करते. तिसऱ्या पद्धतीत बटन दाबताच पाते बाहेर येते. बटनाचा चाकू प्रतिबंधित आहे, हे सहज लक्षात येते. परंतु ‘सहज उघडणारा’ म्हणून विकला जाणारा दुसऱ्या पद्धतीचा चाकूही कमानीवर चालणारा असल्याने, त्याचे पाते अवघे तीन इंचांचे असले तरी, या मनाईच्या कक्षेत येऊ शकतो. याउलट, पाते जागेवर धरून ठेवण्यासाठी पाठीला कमान असलेला पारंपरिक चाकू वेगळा आहे. तेथे कमान पाते उघडत नाही, केवळ धरून ठेवते. वस्तूच्या जाहिरातीत हा फरक बहुधा ठळकपणे सांगितलेला नसतो.

कठोरतेमागील कारण

प्रशासनाच्या कठोरतेला कारण आहे. छत्तीसगडच्या शहरांत चाकूहल्ल्यांच्या घटना हा गंभीर चिंतेचा विषय बनला आहे. रायपूरसह काही शहरांत पोलिसांनी ऑनलाइन खरेदीदारांची माहिती मिळवून त्यांच्याकडील चाकू जमा करून घेतले. बिलासपूरमध्ये साध्या दुकानांतून चाकूंची सर्रास विक्री होत असल्याच्या वृत्ताची छत्तीसगड उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्वतःहून दखल घेतली. क्षणिक रागाच्या वेळी खिशात पाते असले, तर किरकोळ बाचाबाचीचे पर्यवसान जीवघेण्या घटनेत होते. संग्राहकाचा हेतू निर्मळ असला तरी रस्त्यावर तपासणी करणाऱ्या शिपायाला तो दिसत नाही. त्याला दिसते ते पाते.

तथापि, कायद्याची मर्यादा पोलिसांनाही लागू आहे. दिल्लीत २९ ऑक्टोबर १९८० च्या अधिसूचनेनुसार ७.६२ सेंटिमीटर किंवा त्याहून लांब आणि १.७२ सेंटिमीटर किंवा त्याहून रुंद पात्याच्या बटनाच्या, कमानीच्या व गरारीच्या चाकूंचे उत्पादन, विक्री आणि विक्रीसाठी बाळगणे यांवर बंधने आहेत. बटनाचा चाकू सापडलेल्या एका व्यक्तीवरील खटला सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये रद्द केला. तो चाकू विक्रीसाठी बाळगल्याचा आरोपच दोषारोपपत्रात नव्हता. अधिसूचनेतील प्रत्येक शब्दाला किती महत्त्व असते, हे या निकालातून दिसते. तरीही खटला रद्द होईपर्यंतचा काळ आणि खर्च आरोपीलाच सोसावा लागतो, हेही विसरता येणार नाही.

राज्य बदलले की नियम बदलतो

नागपूर, गोंदियाहून रेल्वेने दुर्ग-भिलाईकडे जाणाऱ्या मराठी प्रवाशांची संख्या मोठी आहे. महाराष्ट्रात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ नुसार पोलीस आयुक्त किंवा जिल्हादंडाधिकारी ठरावीक काळासाठी शस्त्रबंदीचा आदेश काढू शकतात. त्या कलमात चाकूचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजेच एकच चाकू एका शहरात निर्धोक आणि दुसऱ्या शहरात आक्षेपार्ह ठरू शकतो. विमानात तो हातातील सामानात नेता येत नाही. नोंदणी केलेल्या सामानात ठेवावा लागतो. शीख बांधवांच्या कृपाणाला मात्र राज्यघटनेच्या अनुच्छेद २५ च्या स्पष्टीकरणाने धर्माचरणाचा भाग म्हणून मान्यता दिली आहे.

काय लक्षात ठेवावे?

खरेदीपूर्वी पात्याची लांबी व रुंदी मोजावी आणि ते कमानीच्या साहाय्याने उघडते काय, हे विक्रेत्याकडून लेखी विचारून घ्यावे. खरेदीची पावती जपून ठेवावी. संग्रहातील चाकू घरी, मुलांच्या हाती लागणार नाही असा कुलूपबंद ठेवावा. कामासाठी बाहेर न्यावयाचा असल्यास तो हाताने उघडणारा, लहान पात्याचा असावा आणि काम संपताच परत घरी जावा. मिरवणुका, निवडणुका व जमावबंदीच्या काळात तो सोबत नेऊच नये. ‘स्वसंरक्षणासाठी’ म्हणून चाकू खिशात ठेवणे तर सर्वांत धोक्याचे आहे. कारण असे म्हणताच ती वस्तू साधन न राहता, बाळगणाऱ्याच्याच तोंडून, शस्त्र ठरते.

उत्तम पोलादाचे कौतुक करण्यास कायद्याची हरकत नाही. ते कोठे, कशासाठी आणि कोणत्या स्वरूपात बाळगले जाते, एवढेच कायदा विचारतो. या तीन प्रश्नांची उत्तरे तयार नसतील, तर चाकू घरातून बाहेर न काढणेच श्रेयस्कर.