लघु लोहमार्गांवरील वापरलेली डीझेल एंजिने

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मोठ्या रेल्वे कंपन्यांच्या मुख्य मार्गांना जोडलेले व स्थानिक मालवाहतूक करणारे जे छोटे स्वतंत्र लोहमार्ग आहेत, त्यांना ‘शॉर्ट लाइन’ किंवा लघु लोहमार्ग म्हणतात. धान्याची कोठारे, लाकडाच्या गिरण्या, कागदाचे कारखाने व दगडाच्या खाणी यांचा माल मुख्य मार्गापर्यंत पोहोचविणे हे त्यांचे प्रमुख कार्य होय. असे सु. ६०० लोहमार्ग असून काहींची लांबी अवघी काही किमी. आहे. मोठ्या कंपन्यांनी वापरून विकलेल्या डीझेल-विद्युत् एंजिनांवर यांपैकी बहुतेकांची वाहतूक चालते. नवे एंजिन घेण्याइतके ज्या मार्गाचे उत्पन्न नाही, त्याचे अस्तित्व जुने एंजिन मिळण्यावर अवलंबून असते. त्यामुळे या एंजिनांचा इतिहास हा बऱ्याच अंशी या लोहमार्गांचाही इतिहास ठरतो.

प्रारंभीचा काळ : व्यापारी दृष्ट्या यशस्वी ठरलेले पहिले डीझेल-विद्युत् एंजिन १९२५ मध्ये सेंट्रल रेलरोड ऑफ न्यू जर्सी या कंपनीकडे आले. ते ३०० अश्वशक्तीचे असून स्थानकाच्या आवारात वाघिणी हलविण्यासाठी वापरले जाई. लघु लोहमार्गांनी डीझेलचा स्वीकार प्रथम लहान, नव्या एंजिनांच्या रूपाने केला. १९३७ च्या कामगार करारानुसार ९०,००० पौंड (सु. ४१ टन) वा अधिक वजनाच्या एंजिनावर चालकाबरोबर फायरमन ठेवणे आवश्यक होते. ही मर्यादा टाळण्यासाठी जनरल इलेक्ट्रिक कंपनीने ८८,००० पौंडांचे एंजिन तयार केले. त्याचे उत्पादन १९४० ते १९५६ या काळात झाले. बाष्प एंजिनाला लागणारे पाणी, कोळसा, राख काढणे व बाष्पित्राची निगा हा खर्च वाचल्याने तोट्यातील अनेक मार्ग तग धरू शकले.

जुन्या एंजिनांचा बाजार : सर्वसाधारण कामाची एंजिने म्हणून इलेक्ट्रो-मोटिव्ह विभागाची ‘जीपी ७’ (१९४९–५४, १,५०० अश्वशक्ती) व ‘जीपी ९’ (१९५४ पासून, १,७५० अश्वशक्ती) ही फार लोकप्रिय झाली. दोन्ही मिळून सहा हजारांहून अधिक एंजिने बांधली गेली. मोठ्या कंपन्यांनी अधिक शक्तीची एंजिने घेण्यास सुरुवात केल्यावर त्यांपैकी काही नव्याच्या बदल्यात निर्मात्याकडे परत गेली व त्यांच्या बोगी, विद्युत् चलित्रे इ. भाग नव्या एंजिनांत बसविण्यात आले. तर काही लघु लोहमार्गांनी विकत घेतली.

रचना व टिकाऊपणा : या एंजिनांत डीझेल एंजिनावर जनित्र चालते व त्या विजेवर आसांना जोडलेली चलित्रे चाके फिरवितात. प्रत्येक भाग स्वतंत्रपणे काढता येतो. दट्ट्या, सिलिंडराचे अस्तर व शीर्ष हा संच एंजिन न उतरविताही बदलता येतो. तसेच ‘५६७’ श्रेणीच्या नंतरच्या एंजिनांत ‘६४५’ या पुढील श्रेणीचे संच बसू शकतात. त्यामुळे पन्नास-साठ वर्षांचे एंजिनही कामात राहते. लघु लोहमार्गांवर वेग बहुधा ताशी १६ ते ४० किमी. असतो. तेथे मोठ्या अश्वशक्तीपेक्षा चाकांवरील वजनामुळे मिळणारी पकड महत्त्वाची ठरते. वळणे तीव्र व रूळ हलके असल्यामुळे चार आसांचे एंजिन सहा आसांच्या एंजिनापेक्षा सोयीचे असते.

पुनर्बांधणी : इलिनॉय सेंट्रल कंपनीने केंटकीतील पादूका येथील कर्मशाळेत १९६७ पासून ‘जीपी ७’ व ‘जीपी ९’ यांची पुनर्बांधणी सुरू केली. सँटा फे कंपनीचा प्रयोग अधिक अवघड होता. तिच्या ‘एफ ७’ एंजिनांत बाजूच्या भिंती पुलाच्या कैचीप्रमाणे भार पेलत असत. त्या काढताच सांगाडा दुबळा होई. म्हणून टेक्सस राज्यातील क्लीबर्न येथे १९७० ते १९७८ या काळात नवी मजबूत चौकट बांधून २३३ एंजिनांना ‘सीएफ ७’ हे रूप देण्यात आले. त्यांतील २५ एंजिने १९८४ मध्ये अ‍ॅमट्रॅककडे गेली, तर पुष्कळशी लघु लोहमार्गांनी घेतली.

१९८० नंतरचा विस्तार : पेन सेंट्रल कंपनीचे दिवाळे (१९७०), कॉनरेलची स्थापना (१९७६) व रॉक आयलंड कंपनीचा शेवट (१९८०) या घटनांनी हजारो किमी.चे फाटे बंद पडण्याच्या मार्गावर आले. १४ ऑक्टोबर १९८० रोजी संमत झालेल्या स्टॅगर्स कायद्याने नियंत्रणे सैल केली व तोट्यातील फाटे नव्या चालकांना विकणे सुलभ झाले. त्याच सुमारास मोठ्या कंपन्या जुनी एंजिने काढून टाकीत होत्या. मार्ग व एंजिने दोन्ही एकाच वेळी स्वस्तात मिळाल्याने लघु लोहमार्गांची संख्या झपाट्याने वाढली.

अल्को कंपनीने १९६९ मध्ये एंजिननिर्मिती थांबविल्यावर मोठ्या कंपन्यांना तिची एंजिने नकोशी झाली. परंतु आर्कॅन्सॉ अँड मिझूरी व डेलावेअर-लॅकावॉना या लघु लोहमार्गांनी ती कौशल्याने चालू ठेवली. त्यांच्याकडील ‘सी ४२०’ एंजिनांतील ‘२५१’ ही डीझेल श्रेणी भारतातही परिचित आहे. वाराणसी येथे १९६४ पासून बांधलेली ‘डब्ल्यूडीएम २’ एंजिने याच श्रेणीची होत.

मर्यादा : जुन्या एंजिनाची किंमत कमी असली, तरी इंधन व दुरुस्तीचा खर्च आणि धूर अधिक असतो. १९९८ च्या प्रदूषणनियमांतून १९७३ पूर्वी बांधलेली एंजिने मूळ स्वरूपात असेतोवर वगळण्यात आली. ही सवलत लघु लोहमार्गांना उपकारक ठरली, पण मार्गालगतच्या वस्तीला त्याची झळ पोहोचते. २,८६,००० पौंड (सु. १३० टन) भाराच्या वाघिणी रूढ झाल्याने हलके रूळ व पूल बदलणे भाग पडले व उपलब्ध भांडवल तिकडे वळले. मोठ्या कंपन्यांनी १९९० नंतरच्या दशकात चार आसांची नवी मालवाहू एंजिने घेणे जवळजवळ थांबविले. त्यामुळे ‘जीपी ३८-२’ सारख्या एंजिनांना मोठी मागणी असून अनेक लघु लोहमार्गांनी ‘एसडी ४०-२’ ही सहा आसांची, ३,००० अश्वशक्तीची जुनी एंजिने स्वीकारली आहेत.