चित्र वाकविणाऱ्या साधनांचा वेग

छायाचित्रातील एखादा भाग कुंचल्याने ओढावा आणि तो ओल्या मातीप्रमाणे वाकत जावा, ही किमया 'फोटोशॉप' अथवा 'गिंप' या चित्रसंपादन-प्रणालींतील ज्या साधनाने साधते, त्याच्या मंदगतीचे मूळ गणिताच्या काठिण्यात नसून त्याच्या विपुलतेत आहे. ४००० गुणिले ३००० आकाराच्या चित्रात १ कोटी २० लाख बिंदू असतात; नव्या चित्रातील प्रत्येक बिंदूचा रंग मूळ चित्रातील कोणत्या स्थानावरून आणावयाचा हे ठरवावे लागते, आणि ते स्थान बहुधा चार बिंदूंच्या दरम्यान पडत असल्यामुळे त्या चौघांच्या रंगांचे अंतरानुसार, जवळच्या बिंदूला अधिक वजन देऊन, मिश्रण करावे लागते.

यावर सर्वांत फलदायी उपाय म्हणजे अनावश्यक श्रम टाळणे. कुंचल्याचा स्पर्श २०० गुणिले २०० बिंदूंच्या चौकोनापुरताच झाला असेल, तर ४०,००० बिंदूंची फेरगणना पुरेशी होते. म्हणजे एकंदर कामाचा अवघा तीनशेवा हिस्सा. दुसरा उपाय असा की, हात चालू असेतोवर पडद्याच्या मापाचा लहान मसुदाच वाकवावा आणि पूर्ण आकारावरील अंमल कलावंताच्या मंजुरीनंतर करावा. तिसरा उपाय श्रमविभागाचा: प्रत्येक बिंदूचे गणित स्वतंत्र असल्यामुळे ते एकाच वेळी अनेक गणनकेंद्रांत वाटून देता येते, आणि म्हणूनच २०१२ च्या 'फोटोशॉप सीएस६' मध्ये 'लिक्विफाय' या चित्र वाकविणाऱ्या साधनाचा भार अशी अनेक केंद्रे असलेल्या ग्राफिक्स प्रोसेसरवर सोपविण्यात आला.

हा वेग केवळ चैनीची बाब नव्हे. हाताच्या हालचालीचा परिणाम डोळ्यांस तत्क्षणी दिसला, तरच कलावंताचा निर्णय अचूक होतो.