भरति, फेरो आणि बेअर

संस्कृतमधील ‘भृ’ हा धातू घ्या. अर्थ: वाहणे, धारण करणे. तो वर्तमानकाळात चालवून पाहा: भरामि, भरसि, भरति, भरामः, भरथ, भरन्ति. (द्विवचन तूर्त बाजूला ठेवू, लॅटिनमध्ये ते नाही.) आता त्याच अर्थाचे लॅटिन क्रियापद मोठ्याने म्हणा: फेरो, फेर्स, फेर्त, फेरिमुस, फेर्तिस, फेरुन्त.

कानाला काय जाणवले? ‘भरन्ति’ आणि ‘फेरुन्त’ सख्खी भावंडे वाटतात ना? सुटे शब्द भाषा एकमेकींकडून उसने घेतात. क्रियापदांचे प्रत्यय मात्र सहसा कोणी उसने घेत नाही. म्हणूनच जर्मन पंडित फ्रान्ट्स बॉप याने १८१६ साली संस्कृत, ग्रीक, लॅटिन इत्यादी भाषांतील क्रियापदांची रूपेच शेजारी शेजारी मांडली. या भाषा एकाच जुन्या भाषेपासून निघाल्या, हे त्यातून स्पष्ट होत गेले.

पण नुसते साम्य हा पुरावा नव्हे. नियम हवा, अगदी भौतिकीत हवा तसाच! तो असा: शब्दारंभी संस्कृतात ‘भ’ असेल तिथे लॅटिनमध्ये ‘फ’ आणि इंग्रजीत ‘ब’ येतो. भरति, फेर्त, बेअर. होय, ओझे वाहणे या अर्थाचे इंग्रजी ‘बेअर’ याच कुळातले.

मग नदीपार नेणारी इंग्रजी ‘फेरी’ही ‘फेरो’पासूनच आली असेल? नाही! इंग्रजीच्या मूळच्या ‘फ’चा जोडीदार संस्कृतात ‘प’ असतो: फादर-पितृ, फूट-पाद. ‘फेरी’ त्या गटातली आहे. लोखंडाची एफ-ई ही संज्ञा ज्या ‘फेर्रुम’वरून आली, त्याचाही ‘फेरो’शी संबंध नाही.

आता खरी गंमत. ‘फेरो’चा भूतकाळ ‘तुली’, आणि भूतकाळवाचक धातुसाधित ‘लातुस’! आपल्या ‘जातो’चे ‘गेला’ होते, तसाच हा प्रकार. ‘लातुस’ पूर्वी ‘त्लातुस’ होते. आरंभीचा ‘त’ गळला. ही दोन्ही रूपे ‘उचलणे’ या अर्थाच्या दुसऱ्याच धातूची आहेत. त्याच धातूचे संस्कृतातले अपत्य म्हणजे ‘तुला’, आणि तिच्या नात्यातले आपले ‘तोलणे’. म्हणजे आपण प्रयोगशाळेत भार तुलेवर ठेवतो, तेव्हा या एकाच लॅटिन क्रियापदात एकत्र आलेल्या दोन धातूंचे वंशज तिथे पुन्हा भेटतात.

उष्णतेच्या धड्यातले ‘ट्रान्स्फर’ आणि गतीच्या धड्यातले ‘ट्रान्स्लेशन’ हे शब्दही असेच एकाच क्रियापदाचे: पहिला ‘फेरो’पासून, दुसरा ‘लातुस’पासून. दोहोंचा मूळ अर्थ ‘पलीकडे नेणे’.

जाता जाता एक कोडे. लॅटिनमध्ये ‘फ्रातेर’ असा शब्द आहे. वरचा नियम लावा आणि त्याचे संस्कृत व इंग्रजी भाऊबंद शोधा.